बंद दाराचं चित्र

१

पोरींना काही शिकवायचं तर आधी त्यांचे डोळे ताब्यात घ्यावे लागतात, कान नव्हे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कंधारच्या मुलींच्या शाळेत पाच वर्षं घसा फोडल्यावर माझं मलाच कळलं.

शाळा म्हणजे महादेवप्पांच्या दुकानामागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीला गल्लीकडे उघडणारं एकच दार, दाराला आतून सागवानी अडसर. तेवीस पोरी, तेवीस पाट्या आणि मी एकटी सौदामिनीबाई. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी. शनिवारी पोरी यायच्या त्या डोकं रिकामं करूनच. ते परत भरण्यासाठी मी चित्रं काढायला लागले. जुन्या धोतराला खळ लावायची, वाळवायचं आणि काजळ, गेरू, नीळ, हळद यांनी रंगवायचं.

धड्याची रीत ठरलेली होती. चित्र भिंतीला टांगायचं. मी वीसपर्यंत आकडे मोजायची. मग चित्रावर चादर टाकायची आणि पोरींनी सांगायचं, काय पाहिलं. बरोबर उत्तराला शाब्बास आणि हातावर एक बत्तासा. चुकीच्या उत्तराला त्याच हातावर छडी. मी काही फार मवाळ बाई नव्हते.

एकदा स्वच्छतेच्या धड्याला न्हाणीचं चित्र काढलं आणि हौस म्हणून कोपऱ्यात दूध सांडणारी मांजर काढली. झालं! सगळ्यांना मांजर पाठ, तिच्या मिशासुद्धा पाठ. हात कधी धुवायचे ते मात्र एकीलाही सांगता येईना. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: चित्रात जास्त भरलं की डोळा नको तिथे अडकतो. रेघा कमी, तर धडा पक्का. तालिमातचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला आले की ही वही त्यांच्यापुढे ठेवायची आणि मोठी शाबासकी मिळवायची, असा माझा बेत होता.

२

१३५५ फसलीच्या, म्हणजे इंग्रजी १९४५च्या, हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ हणमंत माझ्याकडे राहायला आला. नायगावला करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तो कारकून होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू मीच घातलं, बाराखडीही मीच शिकवली. पुढे माझं लग्न झालं आणि वर्षभरात कपाळ पांढरं झालं. तेव्हा जगात माझं म्हणावं असं हेच एक माणूस होतं.

तो आला तो जीव मुठीत धरून. नायगावच्या बाजारात भर दुपारी, बैल विकायला आलेल्या शेषेराव नावाच्या शेतकऱ्याला तिघांनी तोडलं होतं. शेताच्या वाटेवरून जुनं वैर. बाजार माणसांनी फुललेला होता, पण पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी चौकशी सुरू केली तेव्हा कोणीच काही पाहिलं नव्हतं. पाहिलं म्हणणारा हणमंत एकटा. नांदेडच्या अदालतीत पेशी लागली, तिला अकरा दिवस होते. तेवढे दिवस त्यानं जिवंत राहायचं होतं.

"अजून वेळ हाय हणमंता," मी म्हणाले. "डोळ्यांत धूळ गेल्ती म्हणून सांग अन् मोकळा हो."

"आक्का, पहिला घाव खांद्यावर बसला. त्यो माणूस खाली बसला अन् कुऱ्हाडीचं पातं दोन्ही हातांनी धरून राहिला. सोडंना. दुसऱ्यानं त्याची बोटं तोडली तव्हा पातं सुटलं. त्याचा बैल तिथंच हुंगून राहिला होता. हे धूळ म्हणून सांगू?"

"तोंडं ओळखशील का पण तिघांची?"

त्यानं ताटातली भाकरी बाजूला सारली.

"न्हाई," तो म्हणाला. "कुऱ्हाडीच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळेली होती. नवीकोरी, उन्हात चकाकून राहिली होती. म्या तेवढीच पाहत राहिलो. आठ येढे होते, मोजले म्या. तोंड एकाचंबी याद न्हाई. अदालतीत कुऱ्हाड ठिवतील, तर ती तेवढी वळखीन."

मला माझी मांजर आठवली. जीव जात असताना या पोराच्या डोळ्यांनी तारेचे वेढे मोजले होते. पण हे त्या तिघांना कुठे ठाऊक होतं? आपली तोंडं त्याच्या डोळ्यांत आहेत, असं समजून ते त्याला शोधत फिरत होते.

मी त्याला बजावलं, "एकटा हिंडू नको. कुठं काही झालंच तर शाळेत शिर. दार मजबूत हाय, अन् पलीकडं महादेवप्पांची माणसं हायेत."

तो हसला. "तुझ्या शाळेत पुन्हा? छडीनं मारशील."

३

शनिवारी मी 'आमची गल्ली' हे नवं चित्र टांगलं. शाळेचं अर्धं उघडं दार, दगडी पायरी, कडुनिंब, सोनाराचं दुकान आणि पाण्याची घागर घेतलेली बाई. वीस आकडे मोजले, चादर टाकली.

"सांगा."

कडुनिंब आला, घागर आली, सोनार आला. मग चंद्रप्रभा उठली. ही आठ वर्षांची, दाराजवळ बसणारी, बोटांना कायम पाटीची पेन्सिल लागलेली. वर्गात सगळ्यांत हुशार आणि मला सगळ्यांत आवडणारी.

"बाई, पायरीवर माणूस हाय."

"चित्रात माणूस नाही. बस."

"हाय बाई. पडून राहिलाय. पायरी लाल झाली."

मागून विशाखा म्हणाली, "हाव बाई, हाय." मग तिसरी म्हणाली, मग सगळ्याच.

मी चादर उचलली. पायरी कोरडी होती, गेरूचा ठिपकासुद्धा नव्हता. पोरींनी पाहिलं आणि कबूल केलं की माणूस नाही. मी चादर पुन्हा टाकली.

"आता हाय," चंद्रप्रभा म्हणाली.

मी हसले. पोरी एकमेकींचं ऐकून बोलतात, एकीनं शिंकलं की दहा शिंकतात. मी शहाणी बाई. मी विचारलं, "बरं, मग अंगात काय घातलंय त्यानं?"

"निळ्या चौकड्याचा सदरा. कोपराला ठिगळ हाय. ठिगळाला हिरवा दोरा."

हणमंतचा सदरा मी आदल्याच दिवशी शिवला होता. घरात निळा दोरा नव्हता म्हणून हिरवा घेतला. तो सदरा घालून तो अजून घराबाहेर पडला नव्हता.

चादर वाऱ्यानं जराशी हलत होती. तिच्यामागे काय आहे ते बघायला मी पुन्हा हात घातला नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी पोरींना लांब लांब बसवलं. एकमेकींकडे पाठ आणि तोंड बंद. चित्र दाखवलं, झाकलं आणि म्हणाले, बोलायचं नाही, पाटीवर काढा.

खोलीत तेवीस पेन्सिलींचा आवाज सुरू झाला. एरवी पोरी मध्येच थांबतात, खोडतात, उसासे टाकतात. त्या दिवशी कोणी थांबलं नाही. सगळ्या पेन्सिली एकाच वेळी सुरू झाल्या आणि एकाच वेळी ठेवल्या गेल्या. मी पाट्या भिंतीला ओळीनं लावल्या.

दार अर्धं उघडं. पायरीवर पालथा माणूस. मागे तीन उभी माणसं, त्यांना तोंडं नाहीत, नुसते गोल. एकाच्या हातात कुऱ्हाड आणि तिच्या दांड्यावर आडव्या रेघा. मी प्रत्येक पाटीवर मोजल्या. आठ.

ही गोष्ट हणमंतनं माझ्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

चंद्रप्रभाची पाटी सगळ्यांत रेखीव होती. साहेबांना दाखवायला पुरावा हवा, असं स्वतःला समजावत मी ती वहीत उतरवून घेतली, रेघ न रेघ. माणसाचा उजवा हात दाराकडे लांबवलेला होता आणि दाराच्या कडेपाशी, मनगटावर संपला होता. पुढे पंजाच नव्हता. मनगटावर चार आडव्या रेघा. कुऱ्हाडीचे घाव. नायगावच्या त्या शेतकऱ्याची बोटं मला आठवली.

"पंजा कुठंय याचा?" मी विचारलं.

"पंजा तर बाई, आत—"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. छडी उचलली आणि तिच्या उजव्या हातावर मारली. एक, दोन, तीन. तिसऱ्या वेळी कातडी फुटली. तिनं हात मागे घेतला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्याशा पोरीला मी इतकं कधीच मारलं नव्हतं. राग तिचा नव्हताच, मला भीती वाटत होती आणि छडी हातात होती.

५

चुकीचं पाठ झालं तर त्यावर एकच औषध असतं: बरोबर ते इतकं घोकून घ्यायचं की चुकीच्याला जागाच उरू नये. ट्रेनिंग झालेली कोणतीही बाई हेच करेल. आणि खरं सांगायचं तर मनात एक वेडी आशा होती. पोरींच्या डोक्यातून तो माणूस पुसला, तर पायरीवरूनही पुसला जाईल.

मी नवीन चित्र काढलं. कडुनिंब नाही, सोनार नाही, रंग नाही. काजळाच्या मोजून अकरा रेघा. बंद दार, रिकामी पायरी. शुक्रवार सोडून रोज सकाळी आणि दुपारी ते पोरींपुढे धरलं आणि म्हणवून घेतलं.

"दार कसं?"

"दार बंद!"

"अडसर कुठं?"

"अडसर आत!"

"पायरीवर कोण?"

"कोणी न्हाई!"

दार बंद म्हणताना चंद्रप्रभानं उठून दार ढकलायचं, अडसर आत म्हणताना दोघींनी अडसर घालायचा. हात चालले की धडा अंगात मुरतो, हीसुद्धा माझीच कल्पना. दोन दिवसांत पोरी डोळे मिटूनही ते करू लागल्या.

आणि गुण आला! मंगळवारी पाट्यांवर कुऱ्हाडीची तार राहिली नाही. बुधवारी ती तीन माणसं गेली. गुरुवारी पायरी रिकामी. मला इतका आनंद झाला की मी प्रत्येकीला दोन दोन बत्तासे दिले. घरी हणमंतला शिरा केला. "काय गं, एवढं काय झालं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "काही न्हाई, पोरींना धडा आला."

शनिवारी बावीस पाट्या स्वच्छ होत्या. चंद्रप्रभाच्या पाटीवर मात्र दाराच्या कडेला अजून चार छोट्या रेघा होत्या. माणूस नाही, हात नाही, नुसत्या चार रेघा. मी ओल्या फडक्यानं त्या पुसल्या आणि तिला शाळा सुटल्यावर थांबवून शंभर वेळा म्हणायला लावलं. शेवटी तिनं पुन्हा चित्र काढलं, त्यात नुसतं बंद दार होतं.

"आता आलं," मी म्हणाले आणि तिच्या बऱ्या न झालेल्या हातावर बत्तासा ठेवला.

६

पेशी मंगळवारी होती. हणमंतला सोमवारच्या मोटारीनं नांदेडला जायचं होतं. मोटारीच्या अड्ड्यावर पोलिसांचे दोन जवान त्याला भेटणार होते. घर ते अड्डा हे अंतर पाव मैलाचं, वाटेत शाळा. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन. पोरी बाहेरच्या खोलीत होत्या, दार हवेसाठी उघडं. मी आतल्या खोलीत ट्रंकेतून चित्र काढत होते.

आधी गल्लीतून पळणारी पावलं ऐकू आली. एकाची, मग पुष्कळ. मग हाक आली.

"आक्का! आक्का, दार!"

पाठोपाठ दार आपटल्याचा आवाज आणि अडसर पडल्याचा. माझा जीव भांड्यात पडला. आला, आत आला, असंच मला वाटलं. मी धावत बाहेरच्या खोलीत आले.

हणमंत खोलीत नव्हता. चंद्रप्रभा आणि विशाखा अडसराला लटकल्या होत्या. बाकीच्या पोरी दाराला पाठ लावून, पाय रोवून उभ्या होत्या. कोणी रडत नव्हतं.

"दार बंद! अडसर आत!"

"सोडा गं! हणमंत हाय तो! सोडा!"

दार बाहेरून तळहातानं बडवलं जात होतं. "आक्का, म्या हाय!" मी एकीला वेणी धरून ओढलं, दुसरीला ढकललं, चंद्रप्रभाच्या तोंडात मारली. त्या पुन्हा येऊन चिकटत होत्या. त्यांचे डोळे उघडे होते, पण समोर मी त्यांना दिसत नव्हते. ते डोळे मला माहीत होते. चादर टाकल्यावर आठवताना पोरींचे डोळे असेच व्हायचे.

तळहाताचा आवाज थांबला. मग दुसराच आवाज सुरू झाला, ओल्या लाकडावर घाव पडावा तसा. मी दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. हिरवा दोरा दिसला, अगदी जवळ, आणि त्याच्यापलीकडे तांब्याची तार वर जात होती, खाली येत होती. वर जाताना चकाकत होती. खाली येऊन निघाली की चकाकत नव्हती. फटीतून माझ्या गालावर काहीतरी गरम उडालं.

"पायरीवर कोण?" मागून एक बारीक आवाज आला. तो माझा नव्हता, पण ढब माझी होती.

"कोणी न्हाई!"

महादेवप्पांची माणसं ओरडत आली तेव्हा बाहेरची पावलं पळाली. पोरींचे हात आपोआप सैल पडले. मी अडसर काढला. दार आत उघडणारं, आणि हणमंत त्याला टेकलेला. दार उघडलं तसा तो आत आला.

त्यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगणार नाही.

७

अमीनसाहेबांनी पोरींना एकेक करून विचारलं. त्यांचं काम त्यांनी नेटानं केलं, खडीसाखर दिली, दरडावलं. तेवीस पोरींनी तेच सांगितलं. दार बंद होतं, पायरीवर कोणी नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. उंबऱ्यावरचं रक्त त्यांनी ओलांडलं होतं, त्यांच्या परकरांना ते लागलं होतं, तरी त्यांना ते आठवत नव्हतं.

मग साहेबांनी मला विचारलं. "बाई, आपने तो देखा होगा. सूरत बताव."

मी डोळे मिटले, जीव खाऊन आठवलं. मला फक्त तार आठवली. आठ वेढे.

दोन्ही खटल्यांत गवाह उरला नाही. शाळा महिनाभर बंद राहिली आणि मग उघडली. मी दुसरं काय करणार होते?

तपासणीची तारीख आली म्हणून एका दुपारी मी वही काढली आणि ते पान उघडलं. चंद्रप्रभाच्या पाटीवरून मी उतरवलेलं चित्र. या वेळी मी कुऱ्हाड हातानं झाकली. लाल पायरी झाकली. ती तीन माणसं झाकली. जे उरलं तेवढंच पाहिलं.

उरलं होतं अर्धं उघडं दार आणि त्याच्या कडेशी संपणारा एक हात. तो तुटलेला नव्हता. पंजा दाराच्या आत होता, म्हणून दिसत नव्हता. आणि मनगटावरच्या त्या चार रेघा घावाच्या नव्हत्या. ती बोटं होती. आतून कोणीतरी त्याचं मनगट धरलं होतं आणि त्याला ओढून घेत होतं. बोटं अगदी लहान होती, आठ वर्षांच्या पोरीची असतात तेवढी. तिनं मला सांगायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

मी त्या बोटांवर छडी मारली होती. उरलेल्या रेघा मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या.

मी चंद्रप्रभाला हाक मारली. ती येऊन समोर उभी राहिली. मी वही तिच्यापुढे धरली, पण माझ्यानं वीसपर्यंत मोजवेना. सातालाच मी पान मिटलं.

"चंदा, खरं सांग. छडी नाही, काही नाही. माझी आई आहेस ना? या चित्रात त्याचा हात कोणी धरला होता?"

ती जरा गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला, धडा आठवल्यावर उजळतो तसा.

"दार बंद. अडसर आत. पायरीवर कोणी न्हाई."

आणि तिनं बत्ताशासाठी उजवा हात पुढे केला. तळव्यावर माझ्या छडीचा वळ अजून होता. मी डब्याचं झाकण काढलं. बराच वेळ माझा हात डब्यातच राहिला, आणि ती शहाण्या पोरीसारखी वाट बघत उभी होती. उत्तर मी शिकवलं होतं तसंच होतं. मी तिला बत्तासा दिला.